धूर मुरतो कुठे

डिसेंबर लागला की अलिबाग, पेण, रोहा, मुरुड या साऱ्या पट्ट्यात पोपटीचे बेत सुरू होतात. भातकापणी उरकलेली असते, खाचरातल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल धरलेला असतो आणि पडीक जागी, बांधाच्या कडेला भांबुर्डा माजलेला असतो. हा योग जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. मग शेतात मडकं उपडं पडतं, भोवती जाळ होतो आणि मडकं उघडल्यावर जो वास सुटतो त्यासाठी मुंबई-पुण्याहून माणसं येतात. या वासाला सगळे सरसकट ‘धुराचा वास’ म्हणतात.

तिकडे अमेरिकेत परसात पेलेट ग्रिल ठेवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारं हे यंत्र, तिथल्या काही मराठी घरांतही पोचलेलं. मांस मऊ शिजतं, रंग चांगला येतो, राखणीला बसावं लागत नाही. पण धुराचा वास मात्र हवा तसा लागत नाही. लाकूडच जळतंय, मग वास जातो कुठे?

पोपटी आणि पेलेट ग्रिल ही दोन टोकं एकत्र ठेवून पाहिली की या प्रश्नाचं उत्तर सापडू लागतं. रायगडच्या किनाऱ्यावर वास उतरवण्याच्या जितक्या रीती आहेत त्यातल्या बहुतेकांनी एक गोष्ट धरून ठेवली आहे: शिजवणारी आग वेगळी आणि वास देणारी आग वेगळी. यंत्राने ही दोन्ही कामं एकाच जाळावर सोपवली, आणि तिथेच वास हरवला.

आधी धूर म्हणजे काय ते पाहू. लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन घटकांचं बनलेलं असतं. तापायला लागलं की दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान आधी हेमिसेल्युलोज फुटतं, मग सेल्युलोज, आणि लिग्निन चारशेच्या आसपास व त्यापुढेही फुटत राहतं. पहिल्या दोघांतून गोडसर, करपलेल्या साखरेसारखे वास येतात आणि अन्नाच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांशी जुळून तांबूस-तपकिरी रंग देणारी द्रव्यंही येतात. ज्याला आपण खास ‘धुरकट’ म्हणतो तो वास लिग्निनचा. त्यातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही फिनॉल वर्गातली द्रव्यं सुटतात. लवंगेतलं युजेनॉल हे ग्वायकॉलचंच नातेवाईक आहे. मसाल्याला धुरी देताना निखाऱ्यावर लवंग टाकण्याची रीत किती नेमकी आहे ते यावरून कळतं. आंबा, जांभूळ, बाभूळ अशा रुंद पानांच्या झाडांच्या लाकडातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल दोन्ही मिळतात. देवदार-चीड यांसारख्या सूचिपर्णी झाडांत सिरिंगॉल जवळपास नसतंच, वर राळेची काजळी धरते, म्हणून ती स्वयंपाकाला वर्ज्य.

आता यातली गोम अशी की ही सगळी वासाची द्रव्यं अर्धवट जळलेली असतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर तीही जळून जातात आणि मागे उरतो तो कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. म्हणजे जाळ जितका स्वच्छ, तितका वास कमी. उलट हवा फारच तुटली तर डांबरासारखी कडवट द्रव्यं आणि काजळी वाढते. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईला हे रसायनशास्त्र न शिकता ठाऊक असतं: पांढराफटक दाट धूर निघाला की ती फुंकणी उचलते, पातळ निळसर धूर असला की जाळ तसाच राहू देते. डोळ्यांना झोंबणारा धूर जिभेलाही झोंबतो.

अर्धी गोष्ट आगीची, उरलेली अर्धी अन्नाची. धुरातले कण आणि वाफा गार, ओलसर पृष्ठभागावर अधिक बसतात. कोरड्या, तापलेल्या पृष्ठभागावरून त्या तशाच पुढे सरकतात. शिवाय धुरातली फिनॉल स्निग्धांशात सहज विरघळतात. म्हणून बांगडा किंवा तारली यांसारखी तेलकट मासळी धुराचा वास चटकन घेते आणि धरून ठेवते.

पोपटीकडे या नजरेने पाहिलं तर मोठी गंमत दिसते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर घालतात. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग अंडी, बटाटे, रताळी. मांसाहारी पोपटी असेल तर मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून मधोमध. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, आणि शेवटी मडक्याचं तोंड भांबुर्ड्याने गच्च दाबून बंद. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. हे मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, सुक्या झावळ्या, गोवऱ्या, लाकूडफाटा रचतात आणि पेटवतात. अर्धा-पाऊण तास जाळ चालतो. झालं की नाही हे पाहायला मडक्यावर पाण्याचा हबका मारतात. थेंब चुर्रकन उडून गेले की पोपटी झाली.

म्हणजे बाहेर भडकलेल्या जाळाचा धूर मडक्यात जायला वाट जवळपास नसतेच. भाजलेली माती, आणि तोंडाशी ओल्या पाल्याचा बोळा. मग वास येतो कुठून? सूर्यफुलाच्या कुळातला भांबुर्डा मुळातच उग्र, कापरासारख्या वासाचा आहे. तापलेल्या मातीला टेकलेली त्याची पानं आत करपत जातात, मधली पानं आपल्याच ओलीत वाफवतात. शेंगांच्या साली मडक्याच्या भिंतीला लागून डागतात. तोंड खाली असल्यामुळे तिथल्या करपत्या पाल्याची वाफ आणि किंचित धूर वर चढतो, आणि वर मडक्याचा बंद तळ असल्याने तिथेच कोंडला जातो. मडकं सरळ ठेवलं असतं तर हे सगळं तोंडातून निसटून गेलं असतं. उपडं घालण्यात एवढा विचार आहे.

पोपटी रिकामी करताना नीट पाहिलं तर याचा पुरावा हातात येतो. भिंतीलगतच्या शेंगा काळपट डागलेल्या, जरा चिकट आणि वासाला तीव्र असतात. मधल्या शेंगा हिरवट, मऊ, त्यांना ओव्याचा आणि पाल्याचा वास पुढे. तोंडाशी दाबलेल्या बोळ्याची बाहेरची बाजू कोळसा झालेली आणि आतली बाजू नुसती शिजून तपकिरी पडलेली. एकाच मडक्यात वासाच्या इतक्या छटा मिळतात, कारण उष्णता बाहेरून आणि वास आतून अशी कामाची वाटणी आहे. वलसाडकडचं उबाडियुं हे पोपटीचं सख्खं भावंड. तिथेही मडकं उपडं, पापडीच्या शेंगा आणि रानपाल्याचा थर. परदेशात किंवा शहरात भांबुर्डा न मिळाल्याने कोबीच्या नाहीतर केळीच्या पानात लावलेली पोपटी चवीला बरी लागते, पण तो वास येत नाही. लाकूड बदलल्याने पोपटीत फारसं बिघडत नाही, पाला बदलला की बिघडतं.

देशावरचा हुरडा याच्या उलट टोकाला. आगटीत गोवऱ्यांचे निखारे आणि त्यात थेट खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं. तिथे धूर आणि दाणा यांच्यामध्ये काहीच नसतं.

धुंगाराची रीत तर कामाची वाटणी उघडच दाखवते. मटण, डाळ, वांग्याचं भरीत गॅसवर शिजवून तयार असतं. मधोमध वाटी किंवा कांद्याची पाकळी, तिच्यात रसरशीत निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटांत घरभर वास. हा धूर लाकडाचा आहे असं बहुतेकांना वाटतं, पण कोळसा होतानाच लाकडातली वासाची द्रव्यं उडून गेलेली असतात. इथे जळतं ते तूप. निखारा फक्त ते जाळण्यापुरती उष्णता देतो. तंदूर आणि कोळशाच्या शेगडीवरच्या कबाबांचंही पुष्कळसं असंच आहे: चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडतात, त्यांचा धूर वर येऊन मांसाला चिकटतो. म्हणून नुसता कोळसा वाढवून वास वाढत नाही. लाकडाचा वास हवा असेल तर निखाऱ्यावर न जळलेल्या लाकडाची एखादी ढलपी टाकावी लागते, आणि हे ज्याला उमगलं त्याचं अर्धं काम झालं.

‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या आता मुंबई–गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांना दिसतात. त्यात सच्चेपणा किती, हे भांड्याच्या झाकणावर अवलंबून आहे. झाकण ठेवून शिजवलेल्या रश्शात चुलीचा धूर फारसा शिरत नाही. तिथे चव येते ती मंद, असमान आचेची आणि वेळेची. पातेलं उघडं असेल, वर तवंग असेल आणि धूर पातेल्यावरून फिरत असेल तर मात्र त्या तवंगात वास उतरतो. खरा धूर लागतो तो चुलीतल्या निखाऱ्यापुढे उभ्या करून फुगवलेल्या तांदळाच्या भाकरीला, निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बोंबलाला, कवचासकट भाजलेल्या चिंबोरीला. सुका बोंबील निखाऱ्यावर पडला की क्षणात वेटोळं घेतो, कडा करपतात, आणि मग तो ठेचून कांदा-मिरचीत कालवला की दुसरं कालवण लागत नाही.

इतकी मासळी आणि इतका लाकूडफाटा असूनही रायगडच्या किनाऱ्यावर मासळी धुरावर टिकवण्याची मोठी परंपरा झाली नाही, याचं नवल वाटू शकतं. कारण हवेत आहे. ऑक्टोबर ते मे इथे ऊन पुरतं. बोंबील वलांडीवर टांगून, जवळा अंगणात पसरून, सोडे सोलून उन्हात खडखडीत होतात; मग धुराची गरज काय? जिथे ऊन कमी किंवा माल मोठा आणि मांसल, तिथे धूर आला. लक्षद्वीपात ट्यूना आधी उकडून, मग धुरावर धरून, मग वाळवून मासमीन करतात. गोव्याच्या शोरीसाला ऊन आणि धूर दोन्ही मिळतात. सगळ्यांत बोलकं उदाहरण आमसुलाचं: कोकणात रातांब्याची साल उन्हात वाळते आणि लाल-जांभळी राहते, केरळात त्याच कुळातली कुडंपुळी धुरावर वाळवतात, ती काळी पडते आणि तिच्या मासळीच्या कालवणाला धुरकट झाक येते. आपल्याकडे धूर आला तो पावसाळ्यात, राखणीच्या कामाला. सुकी मासळी आणि बियाणं चुलीच्या वर टांगून ठेवायचं, म्हणजे बुरशी आणि किडे लांब राहतात. वास हा त्याचा फुकटचा लाभ.

लाकडाच्या निवडीबद्दल ग्रिलवाले फार बोलतात. हिकरी, ओक, सफरचंद, चेरी अशी नावं घेतात. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यांची गरज नाही. आंबा, पेरू, चिकू, बोर, जांभूळ या फळझाडांचं वाळलेलं लाकूड सौम्य आणि गोडसर धूर देतं. बाभळीचा धूर त्याहून कडक. टेक्सासात ज्याचं कौतुक होतं ते मेस्किट म्हणजे प्रोसोपिस वंशातलं झाड, आणि आपली वेडी बाभूळ त्याच वंशातली. रायगडात ती थोडी, पण राज्याच्या कोरड्या भागात मुबलक. किहीम, नागाव, काशीदच्या किनाऱ्यावरचा सुरू दिसायला पाइनसारखा असला तरी तो सूचिपर्णी नाही; त्यात राळ नाही, आणि सरपण म्हणून त्याची जगभर ख्याती आहे. मात्र तो इतका कडक आणि तापट जळतो की धुरापेक्षा निखाऱ्यासाठी बरा.

वासासाठी इथलं सगळ्यांत दुर्लक्षित इंधन म्हणजे नारळाचं सोडण. काथ्यात लिग्निनचं प्रमाण लाकडापेक्षा बरंच जास्त असतं, आणि सोडण भडकत नाही, तासन्‌तास धुमसतं. डास हाकलायला गोठ्यात सोडण धुमसत ठेवतात ते यामुळेच. खडखडीत वाळलेल्या सोडणाचा मूठभर तुकडा निखाऱ्यावर पुरतो. जास्त झालं तर कडवटपणा येतो. करवंटी वेगळी. तिचा कोळसा उत्तम होतो, म्हणजे ती उष्णतेच्या बाजूची.

काय वापरू नये हेही इथल्या माणसाला सांगायलाच हवं. बिब्बा आणि काजूच्या बियांची टरफलं अजिबात नकोत. त्यांतलं तेल कातडीला भाजतं आणि त्यांचा धूरही झोंबणारा. कण्हेर विषारी. जुन्या होडीची फळी, रंग दिलेली चौकट, प्लायवूड यांच्या धुरात काय काय असतं ते जेवणात येऊ नये. आणि कांदळवनाला हात लावायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच त्याच्या तोडीवर बंदी घातली आहे, आणि वादळात किनारा धरून ठेवणारं ते झाड सरपणाला तोडणं हा आपल्याच घराचा पाया उकरण्याचा प्रकार आहे.

आता पेलेट ग्रिल. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईत अमेरिकेत पर्यायी इंधन म्हणून लाकडाच्या भुशाच्या गोळ्या आल्या. भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढला की लाकडातलंच लिग्निन तापून चिकटतं आणि सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात. वेगळा डिंक लागत नाही. ऑरेगन राज्यातल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात याच गोळ्यांवर चालणारा ग्रिल तयार केला आणि १९८६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. वीस वर्षांनी पेटंटची मुदत संपली आणि बाजारात इतर कंपन्यांची रीघ लागली.

यंत्राची रचना साधी आहे. एका बाजूच्या पेटीत गोळ्या, तिथून फिरत्या स्क्रूने त्या एका लहानशा भांड्यात पडतात, विजेच्या तापत्या कांडीने पेटतात, आणि पंखा खालून हवा मारत राहतो. तापमान मोजणारा नियंत्रक ठरवतो की स्क्रू किती फिरवायचा. गोळ्या कोरड्या, एकसारख्या, हवा भरपूर, आग मुठीएवढी आणि धगधगती. लाकूड जाळण्याची याहून कार्यक्षम पद्धत घरगुती वापरात क्वचितच मिळेल. आणि म्हणूनच धुरातली वासाची द्रव्यं जन्मताच जळून जातात. उरलेला विरळ धूर पंख्याच्या वाऱ्यासोबत मांसावरून भर्रकन निघून जातो. शिवाय तीच हवा मांसाचा पृष्ठभाग कोरडा करते. धूर कमी, थांबायला वेळ कमी आणि चिकटायला ओल कमी, अशी तिहेरी कोंडी होते.

यावर पहिला उपाय यंत्रातच आहे. ऐंशी ते एकशे दहा अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवलं की स्क्रू थांबत-थांबत फिरतो. आग मंदावते, धुमसते, पुन्हा पेटते, आणि या मंदावण्यातच धूर निघतो. दोनशे अंशांवर तो जवळपास नाहीसा होतो. म्हणून पहिले दोन-तीन तास कमी आचेवर, मांस थेट फ्रिजमधून काढून गार असतानाच, आणि मग हवी तेवढी आच, हा क्रम फायद्याचा. अधूनमधून पाण्याचा किंवा कोकमाच्या आगळाचा हबका दिला तर पृष्ठभाग ओला राहतो. आत पाण्याची परात ठेवली तरी चालते. काही काळाने मांस धूर घ्यायचं थांबवतं असा समज आहे, तो खरा नाही. पृष्ठभाग ओला असेपर्यंत धूर बसत राहतो. मांसाच्या कडेला दिसणारी गुलाबी रेघ मात्र ठरावीक तापमानानंतर वाढत नाही. धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची मांसाच्या रंगद्रव्याशी गाठ पडून ती तयार होते, आणि तिचा चवीशी संबंध नसतो.

दुसरा उपाय अधिक जोरकस. पोलादी जाळीची एक नळी मिळते. तिच्यात त्याच गोळ्या भरून एका टोकाला पेटवायच्या, पाच-दहा मिनिटं चांगल्या पेटू द्यायच्या आणि मग ज्योत फुंकून विझवायची. पुढचे काही तास नळी पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर, ग्रिलच्या कोपऱ्यात धुमसत राहते. यंत्र आच सांभाळतं, नळी वास देते. काही उत्पादकांनी हे ओळखून लाकडाचे तुकडे जाळायला वेगळा खण असलेले ग्रिलही काढले आहेत. धुंगाराची वाटी आणि ही नळी यांच्या कामाचं तत्त्व एकच आहे, आणि अमेरिकेतल्या ज्या मराठी घरात निखारा-तुपाची सवय आहे तिथे या नळीचा उपयोग समजायला वेळ लागू नये. नळी नसेल तर लोखंडी वाटीत दोन निखारे आणि त्यावर आंब्याच्या किंवा पेरूच्या सुक्या ढलप्या ठेवल्या तरी तेच साधतं. ढलप्या भिजवून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण लाकूड थोड्या वेळात पाणी फारसं शोषत नाही; आधी वाफ निघते, धूर उशिरा येतो, इतकंच.

गोळ्यांच्या पिशवीवर काय लिहिलंय तेही वाचायला हवं. चेरी किंवा हिकरी असं ठळक नाव असलं तरी पुष्कळदा आत मुख्य माल ओक किंवा अल्डरचा असतो आणि नावाचं लाकूड थोडं. आणि दमट किनाऱ्यावर राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांभाळायची: या गोळ्या हवेतली ओल ओढतात, फुगतात आणि पुन्हा भुसा होतात. स्क्रूमध्ये ओला भुसा अडकला की यंत्र बंद. आगोटीला लाकूडफाटा भरताना जी काळजी रायगडकर घेतो तीच, उलट अधिक, इथे लागेल. झाकणाच्या घट्ट डब्याशिवाय अलिबागच्या पावसाळ्यात गोळ्या टिकणार नाहीत.

वास वाढवण्याच्या या साऱ्या खटाटोपाची दुसरी बाजू टाळता येत नाही. धुरात बेन्झोपायरीनसारखी कर्करोगाला निमित्त होणारी द्रव्यं असतात. तापमान चढलं आणि चरबी ज्योतीत जळली की ती वाढतात. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसात बेन्झोपायरीनची कमाल मर्यादा किलोमागे पाच मायक्रोग्रॅमवरून २०१४ मध्ये दोनवर आणली. बाटलीतला द्रवरूप धूर हा सोपा उपाय वाटतो. कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट यांनी १८९५ मध्ये तो विकायला काढला होता. पण २०२४ मध्ये युरोपीय संघाने आठ धूर-स्वादांची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला, कारण त्यांच्याबद्दल जनुकीय हानीची शंका उरली होती. पातळ धूर, ज्योतीपासून अंतर आणि चरबी आगीत न पडू देणं एवढी शिस्त घरच्या माणसाच्या हातात आहे. पोपटीत ज्योत आणि अन्न यांच्यात मातीची भिंत असते, ही त्या रीतीची मोठी जमेची बाजू.

चुलीबद्दल मात्र फार गोड बोलू नये. घरात जळणाऱ्या लाकूडफाट्याच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या, स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडण्या देणाऱ्या उज्ज्वला योजनेमागे चुलीच्या धुराचा त्रास हेही एक कारण होतं. महामार्गावरच्या ढाब्यात चुलीचं जेवण मागणारा पर्यटक तासाभराने मोटारीत बसून निघून जातो. चुलीपुढची बाई दिवसभर तिथेच असते. तिच्या डोक्यावर उंच धुराडं आणि दोन्ही बाजूंनी मोकळी हवा आहे की नाही, हे पाहणं मटणाच्या चवीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि पाटी लावणाऱ्याने त्यावर खर्च केलाच पाहिजे. मुंबईत तर हा प्रश्न न्यायालयात पोचला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. जुन्या इराणी बेकऱ्यांच्या पावाची चव जाईल अशी हळहळ लगेच उमटली. त्यात तथ्य नाही असं नाही, पण पावाच्या कडक सालीचं श्रेय धुरापेक्षा भट्टीच्या जाड विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेला अधिक आहे. आणि ती भट्टी दुसऱ्या इंधनावरही तापवता येते.

राहता राहिला प्रश्न गोळ्यांचा. महाराष्ट्रात पेलेट नवीन नाहीत. उसाचं चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचा भुसा यांपासून त्या बनतात आणि बॉयलरमध्ये, हॉटेलांच्या शेगड्यांत जळतात. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात अशा गोळ्या मिसळाव्यात असं धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये पुढे नेलं. पण हे सगळं इंधन आहे. त्यात माती, कीटकनाशकाचा अंश, झाडाची साल, काहीही असू शकतं, आणि त्याचा धूर अन्नाला लागू द्यायचा नाही. ग्रिलसाठी लागतात निव्वळ लाकडाच्या, ओळखीच्या झाडाच्या गोळ्या. कोकणात त्याला कच्चा माल आहे. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या, उंच वाढलेल्या हापूसच्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीची शिफारस केलेली आहे, आणि अशा प्रत्येक बागेतून आंब्याच्या फांद्यांचा मोठा ढीग निघतो. आज तो बहुतेक सरपणात जातो. त्यातला साल काढलेला, फवारणीपासून पुरेसा काळ दूर राहिलेला, नीट वाळवलेला भाग वेगळा काढला तर ढलप्या आजच, विळा-कुऱ्हाडीने, घरच्या घरी करता येतील. गोळ्या करायच्या तर यंत्र, ओल तपासण्याची सोय आणि अन्नासाठी योग्य असल्याची तपासणी लागेल. एखाद्या बागायतदार संघाने हे मनावर घेतलं तर सुरुवात ढलप्यांच्या पिशवीपासून करावी. तिला भांडवल थोडं लागतं, आणि धुराच्या नळीत, कोळशाच्या शेगडीत नाहीतर धुंगाराच्या वाटीत ती सारखीच चालते.